दारची खाण आणि दूरचा शेअर

भंडाऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या रस्त्यावर मोहाडी हें तालुक्याचें गांव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा मुलूख मुख्यतः भातशेतीचा. जवळच्या आंधळगांवीं कोशाचें कापड विणलें जातें. आणि उत्तरेस तुमसर ओलांडून पुढें गेलें, कीं चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगेनीजच्या खाणी लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथलें काळें खनिज आगगाडीच्या वाघिणींतून बाहेर जाऊं लागलें व परदेशच्या पोलादाच्या भट्ट्यांत जाऊन पडूं लागलें. या भागांतल्या माणसांनीं त्या वाघिणी पाहिल्या, भरल्या. कित्येक कुटुंबांचें पोट त्या खाणींवर चाललें. परंतु त्या खाणीचा एखादा लहानसा भाग पैसे देऊन विकत घ्यावा, ही सोय त्यांना २०१० सालापर्यंत नव्हती.

आज तीच गोष्ट खिशांतल्या फोनवर चार-दोन मिनिटांत होते. मोहाडीचा शिक्षक, दुकानदार किंवा तलाठी दलाल स्ट्रीटचें तोंडहि न पाहतां कोणत्याहि मोठ्या कंपनीचा भागधारक होऊं शकतो. हा बदल लहान नव्हे. मात्र ज्या तीन प्रश्नांनीं त्याच्या पणजोबाला शेअरबाजारापासून दूर ठेवलें, ते तीनही प्रश्न अद्याप जागच्या जागीं आहेत. भाग कोणत्या कंपनीचा घ्यावा? तो कोणाच्या हातून घ्यावा? आणि घेतल्यावर तो कोणाच्या ताब्यांत राहतो? या प्रश्नांचीं उत्तरें वेगवेगळ्या पिढ्यांनीं कशीं शोधलीं, व तीं शोधतांना काय किंमत मोजली, याचा इतिहास पाहिला म्हणजे आजच्या लहान गुंतवणूकदाराला आपली वाट थोडीबहुत स्पष्ट दिसूं लागते.

जुन्या मराठी कुटुंबांत बचतीचीं ठिकाणें ठरलेलीं असत. सोनें, शेत, घर, फार तर ओळखीच्या माणसाला व्याजानें दिलेले पैसे. या सर्वांचा एक गुण होता. वस्तु डोळ्यांसमोर असे, अथवा माणूस ओळखीचा असे. कोशाचें लुगडें घेणारी गृहिणी पदर हातांत धरून सूत पारखते. शेत घेणारा बांधावरून फिरून येतो. शेअरला मात्र असें हाताळतां येत नाहीं. तो एका कागदावरचा हक्क असतो. हिंदुस्थानांत १८५७ च्या कायद्यानें भागधारकाची जबाबदारी मर्यादित करण्याची सोय झाली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागापुरते पैसे जातील, राहतें घर जाणार नाहीं. परक्यांच्या धंद्यांत भागी घालण्याचें धैर्य सामान्य माणसाला आलें तें या तरतुदीमुळें. पण घर वांचण्याची हमी आणि पैसे वांचण्याची हमी यांत फार अंतर आहे, हें मुंबईला लौकरच कळून आलें.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथला कापूस इंग्लंडला पोंचेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानी कापसासाठीं वाटेल तो भाव दिला. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि त्या पुराला वाट म्हणून रोज नव्या बँका, नव्या वित्तसंस्था, समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या नव्या कंपन्या निघूं लागल्या. बॅकबेच्या भरावाची कंपनी त्यांत सर्वांत गाजली. तिच्या पांच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पाहतां पाहतां कित्येक पटींनीं चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे. त्यांच्या शब्दावर शेअर मिळत व त्यांच्या शब्दावर बँका कर्जें देत. व्यापारी, कारकून, वकील, सरकारी अधिकारी असे सर्व थरांतले लोक या लाटेंत शिरले. कंपनी काय करते हें विचारणारा विरळा. भाव उद्यां किती होईल, एवढेंच जो तो विचारी.

१८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतलें युद्ध थांबलें. कापसाचा भाव कोसळला. मुदतीचे सौदे १ जुलैला पुरे करावयाचे होते, आणि तो दिवस उजाडला तेव्हां पैसे देणारे कोणी उरले नाहींत. बँक ऑफ बाँबेनें शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जें दिलीं होतीं. ती बँक १८६८ सालीं गुंडाळावी लागली. पुढें दिनशा वाच्छा यांनीं या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. प्रेमचंदांनीं भरभराटींत दिलेल्या देणगींतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण करणारा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या आवारांत आजहि उभा आहे. त्याच भरभराटीनें बुडवलेल्या लहान माणसांचें स्मारक मात्र कोठें नाहीं.

या संकटानंतर दलालांनीं आपल्या धंद्याला कांहीं घडी घालण्याचें मनावर घेतलें. त्यापूर्वीं मूठभर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखालीं सौदे करीत. १८७५ सालीं त्यांनीं आपली संस्था रीतसर स्थापन केली. प्रवेशाची फी एक रुपया होती आणि सभासद ३१८ होते. हाच आजचा मुंबई शेअरबाजार. संस्थेमुळें दलालांच्या आपसांतल्या व्यवहाराला नियम मिळाले. परंतु बाहेरचा गिऱ्हाईक आणि दलाल यांच्यामधला व्यवहार पुढें शंभर वर्षेंहून अधिक काळ मुख्यतः विश्वासावर चालला.

मुंबईंतील ही धूळ खालीं बसते न बसते, तोंच विदर्भाच्या वेशीवर वेगळ्या प्रकारचा भाग जन्मास आला. १८७४ सालीं जमशेटजी टाटांनीं मध्य हिंदुस्थानासाठीं सूत-कापडाची कंपनी काढली आणि नागपुरास जागा घेतली. जागा दलदलीची होती. ती भरून काढण्यांत बराच पैसा जाऊं लागला. कंपनीला पैसे देण्याचें नाकारणारा एक स्थानिक सावकार त्या वेळीं म्हणाला, कीं हा गृहस्थ सोनें मातींत पुरतो आहे. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजारपेठ जवळ, हा हिशेब खरा ठरला. कांहीं वर्षांनीं त्याच सावकारानें आपली चूक कबूल केली. या माणसानें सोनें पुरलें नाहीं, माती घालून सोनें काढलें, असें तो म्हणाला. बॅकबे आणि एम्प्रेस मिल यांच्यामधला फरक या गोष्टींत स्पष्ट दिसतो. एकीकडे चढत्या भावाखेरीज हातीं कांहीं नव्हतें. दुसरीकडे भाव काय आहे हें कोणी विचारण्यापूर्वीं माल कोठून येईल, कोठें जाईल आणि त्यांत किती सुटेल, याचा विचार झाला होता.

पोलादाच्या बाबतींतहि असेंच घडलें. टाटांच्या भूगर्भ-संशोधकांनीं पहिला शोध घेतला तो चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याच्या आसपास. तेथें लोखंड होतें, पण कारखान्याजोगा कोळसा जवळ नव्हता. म्हणून शोध पूर्वेकडे सरकला व अखेर कारखाना साकचीस उभा राहिला. भांडवलासाठीं आधीं लंडनचे दरवाजे ठोठावण्यांत आले. तेथें दाद लागली नाहीं. मग १९०७ सालीं, स्वदेशीच्या भरांत, हिंदी जनतेला आवाहन झालें, आणि अवघ्या तीन आठवड्यांत सुमारें आठ हजार लोकांनीं सोळा लाख पौंडांहून अधिक भांडवल उभें करून दिलें. मुंबईच्या कचेरींत सकाळपासून रात्रीपर्यंत रीघ लागली होती. त्यांत राजेरजवाडे होते तसेच बेताच्या ऐपतीचे गृहस्थहि होते.

या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव पडले, विस्ताराचा खर्च अंगावर आला, आणि १९२४ सालीं कंपनी बुडण्याच्या काठावर उभी राहिली. दोराबजी टाटांनीं आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवून तिला तारलें. त्या काळांत सामान्य भागधारकाच्या हातीं लाभांश पडत नव्हता. कंपनी चांगली, चालक प्रामाणिक, हेतु देशहिताचा. तरीहि ज्याला दोन वर्षांत मुलीच्या लग्नासाठीं पैसे हवे होते, त्याच्या दृष्टीनें हा भाग चुकीच्या पैशांनीं घेतलेला ठरला. शेअर निवडतांना कंपनीइतकाच आपल्या पैशाचाहि विचार करावा लागतो. जे पैसे दहा वर्षें लागणार नाहींत, त्यांचेंच शेअरशीं जमतें.

आतां पुन्हा मोहाडीच्या शेजारच्या खाणींकडे वळावें. मध्यप्रांतांतील खनिजांचा शोध घेण्यासाठीं १८९६ सालीं एक ब्रिटिश मंडळी स्थापन झाली. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतील मँगेनीजची कीर्ति लौकरच पसरली. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनीं हिंदुस्थानांतील मँगेनीजवर १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या पट्ट्याचें सविस्तर वर्णन आहे. १९२४ मध्यें मंडळीचें रूपांतर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनींत झालें. कंपनी विलायतेंत नोंदलेली. खनिज भंडाऱ्याचें, श्रम भंडाऱ्याचे, आणि लाभांशाचे धनादेश विलायतेंत फुटत. येथल्या माणसाला मजुरीखेरीज या खाणीशीं नातें जोडण्याचा मार्ग नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९६२ सालीं मँगेनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली. तिचे एकावन्न टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश या सरकारांकडे व बाकीचे जुन्या कंपनीकडे राहिले. १९७७ मध्यें तेहि भाग सरकारनें घेतले. मालकी विलायतेहून नागपूर-दिल्लीस आली; तत्त्वतः ती सर्व जनतेची झाली. पण जनतेंतील एखाद्या व्यक्तीला तिचा भाग आपल्या नांवावर करतां येत नव्हता, तो नव्हताच.

समजा तो तेव्हां विकण्यास निघाला असता, तरी भंडारा जिल्ह्यांतील माणसानें घ्यावा कसा? १९४० सालीं नागपुरास एक शेअरबाजार स्थापन झाला होता. परंतु १९५६ च्या कायद्यान्वयें ज्या मोजक्या बाजारांस सरकारी मान्यता मिळाली, त्यांत नागपूरचें नांव नव्हतें. म्हणजे सगळा व्यवहार मुंबईच्या दलालामार्फत, तोहि मधल्या एका-दोन उपदलालांच्या हातून. भाव किती लागला हें गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रावरून ताडून पाहावें लागे. दलालाच्या कमाल दलालीची मर्यादा अडीच टक्के होती; मधल्या माणसांनीं भावांत काय मिसळलें, हें समजण्यास साधन नव्हतें. पैसे पाठविल्यावर कागद टपालानें येई. सही जुळली नाहीं तर तो परत जाई; कधीं गहाळ होई; कधीं तो बनावट निघे. खाणीचा माल वाघिणींतून जाई त्याला पावती असे. लहान माणसाच्या पैशाला कित्येकदां तीहि नसे.

ही स्थिति पालटण्यास १९९२ चा मोठा घोटाळा कारण झाला. बँकांचा पैसा गैरमार्गानें शेअरबाजारांत आला, भाव आकाशाला भिडले, आणि प्रकार उघडकीस येतांच कोसळले. सवाशे वर्षांपूर्वींचीच गोष्ट नव्या नांवांनीं पुन्हा घडली. फरक इतकाच, कीं या वेळीं सुधारणा खोलवर झाली. सेबी या नियामक मंडळाला १९९२ मध्यें कायद्याचें बळ मिळालें. १९९४ मध्यें राष्ट्रीय शेअरबाजारानें पडद्यावर सौदे सुरू केले. मुंबईंतल्या दलालाला दिसे तोच भाव त्याच क्षणीं नागपुरांतहि दिसूं लागला. १९९६ च्या कायद्यानें शेअरचा कागदच नाहींसा केला. भाग आतां डीमॅट खात्यांत, एका स्वतंत्र निक्षेपसंस्थेच्या नोंदवहींत राहूं लागले. २००० सालीं इंटरनेटवरून सौदे करण्यास परवानगी मिळाली. २०१० नंतर ठराविक, अल्प रकमेंत सौदा करून देणाऱ्या ऑनलाइन दलालांची चलती झाली. ऑगस्ट २०२२ मध्यें देशांतील डीमॅट खात्यांनीं दहा कोटींचा आंकडा ओलांडला.

याच ओघांत, डिसेंबर २०१० मध्यें, मॉइल हें नांव धारण केलेली ती मँगेनीजची कंपनी शेअरबाजारांत आली. केंद्रानें दहा टक्के आणि दोन्ही राज्यांनीं पांच-पांच टक्के भाग विकावयास काढले. भाव ३७५ रुपये ठरला. लहान गुंतवणूकदाराला व कामगारांना पांच टक्के सूट होती. मागणी पन्नासपटींहून अधिक आली. पहिल्याच दिवशीं बाजारांतला भाव विक्रीच्या भावाच्या पुष्कळ वर गेला. १८९६ पासून २०१० पर्यंत, म्हणजे एकशें चौदा वर्षांनीं, खाणीशेजारच्या माणसाला खाणीचा भाग घेण्याची मुभा मिळाली.

ज्यांनीं पहिल्या दिवसाच्या उत्साहांत बाजारांतून हा भाग घेतला, त्यांस मात्र पुढील वर्ष जड गेलें. वर्षभरांत भाव विक्रीच्या मूळ भावाच्याहि खालीं उतरला. खाणी होत्या त्या ठिकाणींच होत्या. खनिज कमी झालें नव्हतें. कंपनीवर कर्जाचा बोजा नव्हता. पण मँगेनीजचा भाव मोहाडींत ठरत नाहीं. पोलादाच्या कारखान्यांत त्याची गरज लागते, आणि जगांत पोलाद किती खपतें यावर त्याची किंमत चढते-उतरते. वाघिणी रोज पाहणाऱ्याला खाण ठाऊक असते, धंदा ठाऊक असतोच असें नाहीं. जवळीक आणि माहिती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

या जवळिकींत आणखी एक धोका आहे. ज्या घरांतला पगार खाणींतून येतो, त्या घरानें बचतहि खाणीच्याच शेअरमध्यें ठेवली, तर मंदीच्या वर्षीं मिळकत आणि ठेव दोन्ही एकदम आटतात. मोहाडी तालुक्यांतच वरठीला पोलादाचा एक मोठा कारखाना आहे आणि त्याचेहि शेअर बाजारांत मिळतात. पण मँगेनीज आणि पोलाद हीं एकाच साखळीचीं दोन टोकें; एकाला सर्दी झाली तर दुसऱ्याला शिंक येते. भात पिकविणारा शेतकरी बांधावर तूर लावतो, तें उगाच नव्हे. कंपन्या निवडतांना त्यांचें नशीब एकमेकींपासून कितपत निराळें आहे, हें पाहणें अवश्य आहे. त्यानंतर मग प्रत्येकीचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा: गेल्या आठ-दहा वर्षांत नफा कसा होता, कर्ज किती, माल कोण घेतो, चालकांनीं भागधारकांस कसें वागविलें. एम्प्रेस मिलच्या वेळीं हे प्रश्न विचारणाऱ्यास माहिती मिळविणें कठीण होतें. आज ती फुकट मिळते आणि तरी फार थोडे ती वाचतात.

दलालाविषयींचा प्रश्नहि संपलेला नाहीं. त्याचें रूप बदललें आहे. २०१९ सालीं एका मोठ्या दलाली पेढीनें गिऱ्हाइकांचे शेअर परस्पर गहाण टाकून स्वतःसाठीं पैसे उभारल्याचें उघडकीस आलें. गिऱ्हाइकांनीं दिलेल्या मुखत्यारपत्राचा तो गैरवापर होता. त्यानंतर सेबीनें नियम आवळले, आणि शेअर गहाण ठेवण्यास खातेदाराची स्वतंत्र संमति आवश्यक केली. तेव्हां ऑनलाइन दलाल निवडतांना त्याची दलाली किती, हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न हा, कीं तो सेबीकडे नोंदलेला आहे काय. आपले भाग निक्षेपसंस्थेच्या नोंदींत आपल्याच नांवावर दिसतात काय. प्रत्येक सौद्याची चिठ्ठी आणि निक्षेपसंस्थेचें विवरण थेट आपल्याकडे येतें काय. हें विवरण दर महिन्यास पाहणें, खात्यांत पैसे विनाकारण पडून न ठेवणें, फोनवर आलेला गुप्त आंकडा कोणालाहि न सांगणें, आणि वारसाचें नांव नोंदविणें, एवढें ज्यानें केलें त्यानें कागद हरवण्याच्या काळांतील निम्म्या भीतीला उत्तर दिलें.

उरलेली निम्मी भीति स्वतःची आहे. दलालाची मिळकत सौद्यांच्या संख्येवर असते, गिऱ्हाइकाच्या नफ्यावर नव्हे. हें वडाखालीं खरें होतें आणि फोनवरहि खरें आहे. सौदा स्वस्त व सोपा झाला, कीं हात वारंवार शिवशिवतो. सेबीनें जुलै २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, एकाच दिवसांत शेअर घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकीं सुमारें सात तोट्यांत आढळल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या पाहणींत, वायद्याच्या व ऑप्शनच्या सौद्यांत तीन वर्षांच्या काळांत त्र्याण्णव टक्के व्यक्तींनीं नुकसान सोसलें आणि एकूण तोटा १.८ लक्ष कोटी रुपयांच्या वर गेला, असें दिसून आलें. १८६५ च्या १ जुलैस मुदतीच्या सौद्यांनीं जें केलें, त्याचीच ही आधुनिक आवृत्ति म्हणावी लागेल. फक्त या वेळीं ती एका शहरापुरती राहिली नाहीं, ती तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचली.

मोहाडीच्या माणसाला खाणीचा भाग मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. अंतर तुटलें, कागद गेला, मधले हात कमी झाले, भाव उघडा झाला. कायदा आणि यंत्र यांच्यानें जें होण्याजोगें होतें, तें बव्हंशीं झालें आहे. ज्या धंद्याचा भाग घ्यावयाचा तो समजून घेणें, लौकर न लागणारे पैसेच त्यांत घालणें, आणि घेतल्यावर थांबणें, हीं कामें मात्र ज्याचीं त्यालाच करावीं लागतात. लुगड्याचा पदर हातांत धरून सूत पारखणाऱ्या घरांना ही संवय नवी नाहीं. तीच संवय शेअरच्या बाबतींत पाळली, तर शेजारच्या खाणीचा असो वा दूरच्या कारखान्याचा, तो भाग घराला आधार देईल.